पाणी उपसण्याचा पंप : त्याचे विकार व उपचार

पाऊस हा कोंकणचा पाहुणा नव्हे; तो येथील वतनदारच आहे. ज्येष्ठांत येऊन आश्विनापर्यंत तो आपला हक्क वसूल करितो, आणि त्या चार महिन्यांत पेण व रोहा येथील सखल आळ्यांत राहणाऱ्या आम्हां लोकांस एका प्रश्नाचा विचार करावाच लागतो : घरांत शिरलेलें पाणी बाहेर कसें काढावें? पूर्वीं हें काम घमेल्यांनीं व बादल्यांनीं होत असे. आतां कित्येक घरांत, दुकानांत व गणपतीच्या कारखान्यांत एका कोपऱ्यांत खड्डा करून त्यांत विजेचा लहानसा पंप सोडलेला असतो. कारागीर लोक त्यास मडपंप म्हणतात. हें यंत्र आठ महिने निजून असतें, आणि ज्या रात्रीं त्याची खरी गरज लागते नेमकें त्याच रात्रीं रुसून बसतें. तें कां रुसतें व त्याची समजूत कशी घालावी, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळीस सोप्या रीतीनें सांगावें, या हेतूनें आम्हीं हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम आपल्या भूमीची रचना ध्यानांत घेऊं. पेणची भोगावती व नागोठण्याची अंबा या दोघी धरमतरच्या खाडीकडे जातात. रोह्याची कुंडलिका रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस कांहीं तासांतच या नद्यांच्या वाटेनें खालीं येतो. त्याच वेळीं समुद्राची भरती खाडीच्या वाटेनें वर चढत असते. वरून उतरणारें पाणी व खालून चढणारें पाणी जेथें समोरासमोर येतें, तेथेंच आपलीं गांवें वसलीं आहेत. २४ जुलै १९८९ रोजीं अंबेला आलेल्या महापुरानें जांभूळपाडा व नागोठणें येथें केवढा अनर्थ केला, हें वडील मंडळी विसरली नसेल. असा पूर नित्य येत नाहीं. परंतु भरतीच्या वेळीं गटारांचें पाणी पुढें न जातां तुंबून राहणें, हा प्रकार मात्र दर पावसाळ्यांत घडतो.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांस मुखोद्गत असते. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास निघतो. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून सुमारें ३ वाजतां पूर्ण भरती. अष्टमीस सुमारें ६ वाजतां. पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकराच्या पुढें. सुमारें साडेबारा तासांच्या अंतरानें ती अहोरात्रांत दोनदां येते, आणि खाडीच्या आंत कांहीं वेळ उशिरां पोंचते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिला उधाण असतें, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. ज्या घरांत पंप आहे त्या घरांतील मुलांनीं हा हिशेब पाठ करून ठेवावा. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती यांची वेळ एकच आली, तर त्या रात्रीं पंपाजवळ जागें राहावें लागेल हें त्यांस आधींच सांगतां येईल.

पंप मोठा घेतला म्हणजे काळजी मिटली, असें पुष्कळांस वाटतें. आपण थोडें गणित करून पाहूं. १०० चौरस मीटरांच्या अंगणावर एका तासांत ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी होतें. १५ लिटरांच्या बादलीनें तें काढूं म्हटल्यास सुमारें ३३३ खेपा होतील. अर्ध्या अश्वशक्तीचा चांगला पंप मात्र तेंच पाणी ३ मीटर उंच चढवून अर्ध्या तासाच्या आंत बाहेर टाकूं शकतो. अर्थात् बळ अपुरें पडल्यामुळें पंप हरतो, असें क्वचित् घडतें. मग तो हरतो कशानें?

याचें उत्तर आम्हांस एका आषाढी अमावास्येच्या रात्रीं मिळालें. पेण येथील आमच्या आळींत गणपतीचा एक कारखाना आहे. पेण व जवळचीं हमरापूर, जोहे हीं गांवें मूर्तींसाठीं किती प्रसिद्ध आहेत हें वाचकांस सांगावयास नकोच. त्या रात्रीं कारखान्यांत फळ्यांवर शाडूच्या कच्च्या मूर्ति वाळत ठेविल्या होत्या. शाडू ही माती. पाणी लागलें कीं तिचा चिखल होतो. खालच्या फळीपासून पाणी वीतभर खालीं राहिलें होतें. पंपाची घरघर चालू होती, पण पाणी उतरत नव्हतें. आम्ही चार-पांच जण जमलों. एकानें मोटार जळाली असें ठरविलें, दुसऱ्यानें नवा पंप आणावयास माणूस धाडला. इतक्यांत कारखानदारांचे वृद्ध मामा, जे खारेपाटांतील जुने शेतकरी, ते काठी टेकीत आले व म्हणाले, "पोरांनो, त्या यंत्राच्या उरावर काय बसलांत? आधीं उघाडी कुठं आहे ती दाखवा!"

आम्ही बत्ती घेऊन मागल्या दारीं गेलों. पंपाच्या नळाचें तोंड गटारांत पडून गाळांत रुतलें होतें. त्यांत प्लास्टिकच्या पिशव्या व शाडूचा लगदा घट्ट बसला होता. जें थोडें पाणी बाहेर जात होतें, तें भरतीनें तुंबलेल्या गटारांतून पुन्हां उंबऱ्यावाटे आंत येत होतें. आम्हीं वीज बंद केली, नळ ओढून साफ केला, आणि त्याचें तोंड गटारापासून दूर, जेथें जमीन उतरती आहे अशा बाजूस कुंपणाच्या भिंतीवर बांधिलें. पुन्हां वीज सोडतांच पाणी धो धो वाहूं लागलें, आणि अर्ध्या-पाऊण तासांत जमीन दिसूं लागली. मोटार सर्वस्वीं निर्दोष होती. कारखानदारांचे वर्षभराचे श्रम वांचले, आणि आम्ही एक धडा शिकलों.

मामांनीं उघाडीचें नांव कां घेतलें, हें आमच्या खारेपाटाबाहेरील वाचकांस कळावें म्हणून थोडें स्पष्ट करितों. खाडीकांठच्या शेतांस खाऱ्या पाण्यापासून राखण्यासाठीं मातीचे बांध घातलेले असतात. अशा जमिनींच्या रक्षणासाठीं मुंबई सरकारनें १९४८ सालीं व महाराष्ट्र सरकारनें १९७९ सालीं कायदे केले. परंतु नुसत्या बांधानें काम भागत नाहीं; शेतांतील पावसाचें पाणी बाहेर जावयास वाट हवी. म्हणून बांधाच्या पोटांत मोरी ठेवून तिच्या खाडीकडील तोंडावर एक झडप वरून टांगलेली असते. ओहोटी लागली म्हणजे आंतील पाण्याच्या जोरानें ती उघडते. भरती चढली म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या दाबानें ती आपोआप मिटते. हीच उघाडी. तिच्यांत ओंडका अडकला, तर बांध कितीही उंच असला तरी शेत बुडतें, म्हणून शहाणा शेतकरी पाणी चढलें कीं प्रथम उघाडीकडे धांवतो. घरांतील पंपाची रचनाही अशीच आहे. खड्डा हें त्याचें शेत, पंप हा त्याचा उपसा, आणि नळांत बसविलेली एकमार्गी झडप ही त्याची उघाडी. पाण्याला जावयास जागा आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, आणि यंत्राला दोष मागाहून द्यावा, हेंच या लेखाचें सार आहे.

परंतु तपासणीला हात घालण्यापूर्वीं एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतों. पाणी आणि वीज यांची गांठ पडते तेथें मनुष्याचा जीव क्षणांत जातो. मूर्ति पुन्हां घडवितां येतील, धान्य पुन्हां विकत आणतां येईल. माणूस परत येणार नाहीं. म्हणून जमिनीवर पाणी असतां पंप चालू असेल, तर त्या पाण्यांत पाय घालूं नये. कोरड्या जागीं उभें राहून, कोरड्या हातांनीं, मेन स्विच बंद करावा. स्विचपर्यंत कोरडी वाट नसेल, तर आंत न जातां वीज कंपनीच्या माणसास बोलवावें. पंप केबलीला धरून कधींही उचलूं नये. त्याच्या मुठीला दोरी बांधून ठेवावी व तिनें ओढावा. कित्येक पंप फार तापले म्हणजे आपोआप थांबतात व निवले म्हणजे आपोआप चालू होतात. म्हणून पंप थांबलेला दिसला तरी प्लग काढल्यावांचून त्यास हात लावूं नये. पंपाच्या जोडणीला अर्थिंग चांगलें असावें, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होतांच प्रवाह तोडणारी आरसीसीबी नांवाची कळ बसवून घ्यावी. हीं कामें जाणत्या वायरमनकडूनच करवावीं. मुलांनीं बत्ती धरावी, वेळ पाहावी, वडिलांस आठवण द्यावी. विजेच्या जोडणीस मात्र हात लावूं नये.

आतां तपासणीचा क्रम पाहूं. तो पाण्याच्या शेवटाकडून यंत्राकडे, म्हणजे बाहेरून आंत, असा ठेवावा.

पहिलें, नळाचें बाहेरचें तोंड. तें गाळांत रुतलें आहे काय, त्यांत पालापाचोळा किंवा चिंधी बसली आहे काय, मऊ नळी असल्यास ती कोठें मुरडली किंवा दगडाखालीं दाबली गेली आहे काय, हें पाहावें. बाहेर पडणारें पाणी भिंतीच्या पायाशींच सांचत असेल, तर तेंच पाणी झिरपून पुन्हां खड्ड्यांत येतें आणि पंप रात्रभर एकच पाणी फिरवीत बसतो. म्हणून तोंड घरापासून दूर व उंचावर असावें. मात्र तें शेजाऱ्याच्या अंगणांत सोडूं नये.

दुसरें, एकमार्गी झडप. पंप थांबतांच नळांतील पाणी गडगडत खड्ड्यांत परत येत असेल, तर झडप उघडी राहिली आहे असें समजावें. बहुधा तिच्या बैठकींत खडा किंवा काडी अडकलेली असते. उलट, पंप फिरतो पण पाणी मुळींच येत नाहीं, असें असेल तर झडप मिटून चिकटली असेल, अथवा तिच्याखालीं हवा कोंडली असेल. हवा कोंडूं नये म्हणून कुशल कारागीर पंप व झडप यांच्या मध्यें नळास सुमारें ३ मिलिमीटरांचें बारीक छिद्र ठेवितात. त्यांतून पाण्याची चिळकांडी उडाली तर तो दोष मानूं नये. तें छिद्र खड्ड्याच्या आंत असावें एवढेंच.

तिसरें, तरंगता खटका. पाणी चढलें कीं हा फुगीर गोळा वर येतो व पंप चालू करितो. पाणी उतरलें कीं खालीं लोंबतो व पंप बंद करितो. खड्डा अरुंद असला तर तो भिंतीला अथवा केबलीला अडकतो. वर अडकला तर पंप कोरडा फिरून तापतो. खालीं अडकला तर पाणी चढलें तरी पंप जागा होत नाहीं. वीज बंद करून तो मोकळा करावा, आणि पुढील खेपेस अडकूं नये अशी केबल बांधावी.

चौथें, जाळी व पंखा. पंप 'हूं हूं' असा आवाज करितो पण फिरत नाहीं, तर विलंब न करितां त्याची वीज तोडावी. अडकलेल्या मोटारींतून नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक प्रवाह वाहतो व तिचें वायंडिंग जळतें. प्लग काढून पंप वर घ्यावा, खालची जाळी उघडावी, व आंतील पंखा काडीनें फिरवून पाहावा. केस, दोरा व प्लास्टिक हे त्याचे नेहमींचे शत्रु. परंतु पेणच्या कारखान्यांत सर्वांत मोठा शत्रु शाडू. पावसाळा संपल्यावर पंप न धुतां ठेवला, तर पंख्याभोंवतींची शाडू वाळून दगडासारखी होते. म्हणून आश्विनांत पंप एकदां स्वच्छ पाण्याच्या पिंपांत चालवून मगच ठेवावा.

पांचवें, वीज. पंखा मोकळा आहे तरी पंप नुसता गुणगुणतो, तर कपॅसिटर निकामी झाला असेल किंवा दाब कमी असेल. मोटारीचें फिरविण्याचें बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतें. २३० व्होल्टांच्या जागीं १८० व्होल्ट आले, तर बळ शेंकडा ६० च्या आसपासच राहतें, व गाळांतून फिरावयास तें पुरत नाहीं. कपॅसिटर उघडण्याचें काम घरीं करूं नये; वीज तोडल्यावरही त्यांत कांहीं काळ विद्युत् राहते.

कित्येक घरांत पंप खड्ड्यांत न सोडतां जमिनीवर ठेवून त्याची नळी पाण्यांत सोडतात. अशा पंपाचा एक निराळा विकार आहे. तो पाणी ओढतो असें आपण म्हणतों. खरें पाहतां तो नळींतील हवेचा दाब कमी करितो, आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब पाण्यास वर ढकलतो. हा दाब पाण्यास सुमारें १०.३ मीटरांहून अधिक उंच ढकलूं शकत नाहीं, आणि व्यवहारांत ७ मीटरांच्या पुढें भरंवसा नाहीं. ओढणाऱ्या पंपाला अशी मर्यादा असते, ही गोष्ट गॅलिलिओनें १६३८ सालच्या ग्रंथांत नमूद केली होती. तिचें कारण पुढें टॉरिचेलीच्या १६४३ सालच्या पाऱ्याच्या प्रयोगानें उघड झालें. म्हणून अशा पंपाच्या नळीला बारीकशी भेग असली किंवा तळाचा फुटव्हॉल्व्ह गळत असला, तर पाण्याऐवजीं हवा येते. सांधे आवळावे, आणि चालू करण्यापूर्वीं पंप व नळी पाण्यानें पूर्ण भरून घ्यावी.

आपल्याकडे पावसाचें भय. पृथ्वीच्या शीत प्रदेशांत हेंच यंत्र थंडीनें अडतें, हें ऐकून मुलांस नवल वाटेल. शिकागो, टोरांटो अशा शहरांत अनेक मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत. तेथील घरांस बहुधा तळघर असतें, आणि पायाशीं झिरपणारें पाणी तळघरांतील खड्ड्यांत जमवून पंपानें बाहेर टाकितात. हिवाळ्यांत बाहेरील नळांत राहिलेलें पाणी गोठतें. इतर बहुतेक पदार्थ गोठतांना आकसतात. पाणी मात्र सुमारें शेंकडा ९ नें फुगतें, त्यामुळें नळ फुटतो अथवा बर्फाच्या बुचानें बंद होतो. आंत पंप बिचारा फिरत राहतो, पाणी जावयास जागा नाहीं, आणि मोटार जळून तळघर भरतें. पेणच्या गटारांत जें शाडूनें केलें, तेंच तेथें बर्फ करितें.

तेथील उपायही मामांच्याच पद्धतीचे आहेत. नळाला सतत उतार द्यावा, म्हणजे पंप थांबतांच त्यांतील पाणी निथळून जाईल व गोठावयास कांहीं उरणार नाहीं. एकमार्गी झडप घराच्या आंत, उबेंत ठेवावी. बाहेरचा नळ एक तर जेथवर हिम पोंचत नाहीं इतक्या खोल पुरावा, नाहीं तर आंखूड, रुंद व मोकळ्या तोंडाचा ठेवावा. नळ घराबाहेर पडतो तेथेंच एक जाळीदार जोड बसवितात. पुढील नळ गोठला तरी पाणी त्या फटींतून बाहेर सांडतें व पंप वांचतो. गोठलेला नळ ज्वाळेनें कधींही तापवूं नये. कढत पाण्यांत पिळलेल्या फडक्यांनीं तो तोंडाकडून आंत असा हळूहळू मोकळा करावा.

शेवटीं, पंपाची मर्यादाही ओळखली पाहिजे. सर्व आळींत घराबाहेरही तितकेंच पाणी चढलें असेल, तर उपसलेलें पाणी लगेच परत येतें. तेथें कोणतेंही यंत्र चालत नाहीं. अशा वेळीं पंपाचा नाद सोडून वीज बंद करावी आणि मुलांबाळांसह, म्हाताऱ्या माणसांसह उंच जागीं जावें. पुराच्या रात्रीं वीज बहुधा जातेच. कोणाकडे तेलावर चालणारें इंजिन असेल, तर तें घराबाहेर उघड्यावर, दारें-खिडक्यांपासून दूर ठेवावें. बंद खोलींत त्याच्या धुरांतील विषारी वायु साचतो; त्याला वास नसल्यामुळें माणसें निजल्या जागीं मरतात.

या सर्व गोष्टी पूर आल्यावर आठवून उपयोग नाहीं. खारेपाटांतील शेतकरी पावसापूर्वीं बांधावरून फेरी घालतो, खांड दिसली तर ती बुजवितो, आणि उघाडींतील गाळ काढतो. तीच चाल आपण घरीं ठेवावी. वैशाखांतील एखाद्या सुटीच्या दिवशीं वडिलांसमवेत बसून खड्डा साफ करावा, त्यांत चार-पांच बादल्या पाणी ओतावें, आणि पंप आपोआप चालू होतो काय, बाहेर स्वच्छ धार पडते काय, पाणी संपतांच थांबतो काय, हें पाहावें. या कसोटीला घटकाभरही लागत नाहीं. मामा आतां थकले आहेत. तरी मृगापूर्वीं एकदां ते कारखान्यांत येतात, आंत न जातां प्रथम मागल्या दारीं वळतात, आणि काठीनें नळाच्या तोंडाशीं टोचून पाहतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांचीं घरें सखल भागांत आहेत, त्यांनीं या वर्षीं शाळा सुरू होण्यापूर्वीं आपल्या घरची उघाडी एकदां पाहून ठेवावी, एवढीच आमची विनंति आहे.